कॅफेतलं मोफत वायफाय: तक्रार स्पीडची, दुखणं दुसरीकडेच

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या कॅफेचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. काम मी पाहत होतो. निर्णय मालकीणबाई आणि त्यांचे मॅनेजर यांच्याबरोबर बसून होत होते.

दोन खोल्या, चाळीसेक खुर्च्या. बाहेरच्या खोलीत काउंटर, बिलिंगचा कॉम्प्युटर, पावत्यांचा प्रिंटर आणि कार्ड मशीन. आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून निवांत बसणारी मंडळी. मधे जाड भिंत. इंटरनेटचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं, अपलोड मात्र २०चंच. इंटरनेट कंपनीने दिलेला डबा, म्हणजे मोडेम आणि राउटर एकातच, काउंटरखाली फ्रीजला टेकून ठेवलेला.

कनेक्शन मुळात घेतलं होतं बिलिंगसाठी. लोक वायफाय मागायला लागले तेव्हा तोच पासवर्ड कागदावर लिहून काउंटरला चिकटवला. पुष्कळ ठिकाणी मोफत वायफाय असंच सुरू होतं: वेगळं काही उभं करायचं नसतं, आहे तेच चार लोकांना वापरू द्यायचं असतं. पहिले काही महिने कुणाची तक्रारही नव्हती.

अडचण

मग तक्रारी यायला लागल्या, आणि सगळ्यांचा शेवट एकाच वाक्यावर व्हायचा: ‘नेट चालत नाही.’

या एका वाक्यात किती वेगवेगळी दुखणी लपलेली असतात, हे नीट पाहायला हवं. मॅनेजरना विनंती केली की काही दिवस प्रत्येक तक्रार वहीत लिहून ठेवा: किती वाजता, कुठल्या टेबलावर, आणि फोनवर नेमकं काय दिसत होतं. ‘चालत नाही’ असं लिहायचं नाही. माझ्या मते या सबंध प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम या वहीने केलं. त्यातून तीन प्रकार वेगळे झाले.

पहिला प्रकार दुपारनंतरचा. पासवर्ड बरोबर, रेंज पूर्ण, पण फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ इथेच अडकून बसायचा. सकाळी ही तक्रार एकदाही नव्हती. दुसरा प्रकार गर्दीच्या वेळचा. सगळे जोडलेले, पण पान उघडायला वेळ लागायचा, आणि त्याच वेळी कार्ड मशीनही गोल गोल फिरत राहायचं. गिऱ्हाईक कार्ड हातात धरून उभं, मागे रांग. तिसरा प्रकार आतल्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या टेबलांचा. तिथे कधीही बसा, रेंज एक-दोन दांड्या.

चौथी गोष्ट वहीत नव्हती, कारण ती तक्रार नव्हती. एका गिऱ्हाइकाने काउंटरवर येऊन सहज सांगितलं, ‘माझ्या लॅपटॉपवर तुमचा पावत्यांचा प्रिंटर दिसतोय. आणि एक फोल्डरही दिसतोय.’ तो फोल्डर बिलिंगच्या कॉम्प्युटरवरचा होता आणि त्यात हिशेबाच्या फाइल होत्या. माणूस भला होता म्हणून त्याने सांगितलं. माझ्या दृष्टीने बाकीच्या तिन्ही तक्रारींपेक्षा हीच गंभीर होती. नेट मंद चाललं तर गिऱ्हाईक वैतागतं. पण दुकानाचा हिशेब अनोळखी माणसाच्या स्क्रीनवर दिसला, तर ते नुकसान किती हे मोजायलाही जागा उरत नाही.

मालकीणबाईंचा निष्कर्ष तोवर झालेला होता: प्लॅन छोटा पडतोय, ३०० एमबीपीएसचा घेऊ. इंटरनेट कंपनीच्या माणसानेही तेच सुचवलं होतं.

तपासणी

प्लॅन बदलण्याआधी ऐन गर्दीत मोजून पाहू, एवढं मी मागून घेतलं. सकाळी रिकाम्या कॅफेत स्पीड टेस्ट करून काही कळत नाही.

गर्दीतही डाउनलोड निम्म्यावर जात नव्हतं. याचा अर्थ १०० एमबीपीएस पुरत होते. अपलोडचे २० मात्र गच्च भरलेले. कॅफेत बसून इतकं वर चढवतंय कोण? कोणीच नाही, आणि सगळेच. फोन वायफायला जोडला गेला की दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढवायला लागतो. फोनवाल्याला कल्पनाही नसते. असे दहा-बारा फोन एकदम जमले की बाहेर जाणाऱ्या वाटेवर रांग लागते, आणि राउटर ती रांग पोटात साठवत राहतो. एरवी २० मिलिसेकंदांत परत येणारं पिंग, म्हणजे छोट्या चाचणी-संदेशाचं उत्तर, तेव्हा दीड-दोन सेकंद घेत होतं. कार्ड मशीनचा व्यवहार म्हणजे अगदी चिमूटभर डेटा, पण तोही त्याच रांगेत सगळ्यात मागे उभा. बँकेकडून उत्तर यायच्या आत मशीनची मुदत संपायची.

दुपारनंतरच्या तक्रारीचं उत्तर राउटरच्या एका पानावर होतं. जोडणाऱ्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक पत्ता देतो. या डब्यात १९२.१६८.१.१०० ते १९९ असे शंभरच पत्ते वाटायला ठेवलेले होते, आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास त्याच फोनच्या नावावर. गिऱ्हाईक वीस मिनिटांत उठून गेलं तरी पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकलेला. शिवाय पासवर्ड लक्षात ठेवलेला फोन खिशातल्या खिशात, दारावरून जाता जाताही जोडला जातो. म्हणजे आत पंधरा माणसं असतानाही शंभरच्या शंभर पत्ते संपलेले असू शकत होते. हल्लीचे फोन वायफायला आपली खरी ओळख न देता बनावट देतात, त्यामुळे पत्ते संपतात असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं. पण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून रुळलेल्या या पद्धतीत एका नेटवर्कसाठी फोन साधारणपणे तीच बनावट ओळख पुन्हा वापरतो. इथला दोष २४ तासांच्या मुदतीचा होता.

आतल्या खोलीचं तर उघडच होतं. काउंटरखाली, धातूच्या फ्रीजमागे ठेवलेल्या डब्याकडून भिंतीपलीकडची अपेक्षा करणं चुकीचं. शेजारी मायक्रोवेव्ह, आणि तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, म्हणजे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच. तो सुरू झाला की त्या पट्ट्यावरचे फोन अडखळायचे. शिवाय दूरच्या कोपऱ्यातला अशक्त सिग्नलचा फोन सगळ्यांनाच महाग पडतो. हवा सगळ्यांची एकच असते, आणि हळू बोलणारा फोन तेवढाच मजकूर पोचवायला ती कितीतरी जास्त वेळ अडवून ठेवतो.

३०० एमबीपीएसच्या प्लॅनने यातलं काय सुटलं असतं? पत्ते शंभरच राहिले असते, भिंत तिथेच राहिली असती, फोल्डर उघडाच राहिला असता. अपलोडला थोडी उसंत मिळाली असती, पण तेवढीच. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला, असा तो प्रकार होता. आकडे समोर ठेवल्यावर मालकीणबाईंनी तो बेत लगेच सोडला. इथून पुढची चर्चा सोपी झाली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय: आहे त्याच डब्यातलं ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करणं. आजच्या बहुतेक राउटरमध्ये ही सोय असते. पाहुण्यांना वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि आतल्या उपकरणांकडे जायची वाट बंद. एका खोलीचं छोटं दुकान असतं तर मी इथेच थांबलो असतो. इथे दोन खोल्या होत्या, म्हणून पुरेसं नव्हतं.

दुसरा पर्याय मॅनेजरना फार आवडला होता: जोडल्यावर एक पान उघडेल, त्यावर गिऱ्हाईक मोबाइल नंबर टाकेल, ओटीपी येईल, मग नेट सुरू. नंबर जमतील, पुढे सवलतींचे निरोप पाठवता येतील. यावर आमची सगळ्यात लांब चर्चा झाली. असं पान कसं उघडतं ते समजून घ्यावं. फोन नेटवर्कला जोडला की आपल्या निर्मात्याच्या एका ठरलेल्या पत्त्यावर साधी, कुलूप नसलेली विनंती पाठवतो. राउटर ती मधेच अडवून आपलं पान पुढे करतो. ते जुळलं नाही आणि गिऱ्हाईक थेट एखाद्या सुरक्षित साइटवर गेलं, तर त्याला लॉगिनचं पान न दिसता धोक्याचा इशारा दिसतो. हे सुधारण्यासाठी २०२० साली नवं मानकही आलं, पण जुनी उपकरणं त्याला दाद देत नाहीत. आणखी एक साधी गोष्ट: मोबाइलला रेंज नाही म्हणून वायफाय मागणाऱ्या माणसाला ओटीपी येणार कुठून? शिवाय गोळा केलेले नंबर सांभाळायची जबाबदारी दुकानावरच येते.

मॅनेजरना मी एकच विचारलं, ‘हे नंबर तुम्ही खरंच वापरणार आहात का? की मिळतायत म्हणून घ्यायचे?’ ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘वापरायला माणूस नाही आमच्याकडे.’ पर्याय तिथेच बाद झाला. ज्या माहितीचा उपयोग ठरलेला नाही ती लोकांकडून मागू नये, असं मला मनापासून वाटतं. मात्र ही निवड सगळीकडे चालत नाही. काही देशांत सार्वजनिक वायफाय देणाऱ्याने वापरणाऱ्याची नोंद ठेवावी असा कायदा असतो, तिथे हे पान किंवा तशी दुसरी व्यवस्था टाळता येत नाही. आम्ही केलेल्या विचारणेत इथे तशी सक्ती निघाली नाही.

तिसरा: पासवर्डच नको, सगळं उघडं. जोडायला याहून सोपं काही नाही. पण साध्या उघड्या वायफायवर हवेतून जाणारा मजकूर सांकेतिक नसतो. २०१८ मध्ये आलेल्या नव्या पद्धतीत उघडं नेटवर्कही सांकेतिक करता येतं, पण जुने फोन त्याला जोडत नाहीत.

चौथा, जो घेतला: वेगळं पाहुणे-नेटवर्क, एकच पासवर्ड, टेबलावर क्यूआर कोडचं कार्ड. पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असला की त्याने कोणाला बाहेर ठेवता येत नाही, हे मान्यच होतं. त्याचं काम हवेतला मजकूर सांकेतिक ठेवणं एवढंच. त्यातही डब्ल्यूपीए२ या वायफाय-सुरक्षेच्या जुन्या पद्धतीत पासवर्ड माहीत असलेल्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला, जोडणीचा क्षण पकडला तर, दुसऱ्याचा मजकूर उलगडता येतो. डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीत ती फट बुजवली आहे. म्हणून दोन्ही चालतील असा मिश्र प्रकार निवडला.

पाचवा पर्याय दोन स्वतंत्र कनेक्शनं घेण्याचा होता. एक दुकानाचं, एक पाहुण्यांचं. स्वच्छ उपाय, पण दर महिन्याचा खर्च वाढणार होता. तो बाजूला ठेवला.

काय केलं

आधी वायर. आतल्या खोलीपर्यंत एक नेटवर्क केबल नेली आणि दोन्ही खोल्यांत छताला एक-एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय हवेत पसरवणारं उपकरण, लावला. वीज त्याच केबलमधून जाते, त्यामुळे छताजवळ वेगळा प्लग लागला नाही. भिंतीच्या प्लगमध्ये खुपसायचे, हवेतूनच सिग्नल पुढे ढकलणारे एक्स्टेंडर स्वस्तात मिळत होते. ते नाकारले, कारण साधा एक्स्टेंडर प्रत्येक मजकूर त्याच हवेत दुसऱ्यांदा बोलतो, आणि इथे हवेचीच टंचाई होती.

पहिल्या जुळणीत दोन्ही खोल्यांत पाहुणे-नेटवर्क दिसू लागलं, नेट पळू लागलं, सगळे खूश झाले. मग चाचणी घेतली. बाहेरच्या खोलीत पाहुणे-नेटवर्कला जोडून प्रिंटरचा पत्ता उघडला: बंद. आतल्या खोलीत जाऊन तेच केलं, तर प्रिंटरचं पान समोर हजर. कारण असं की पाहुण्यांना वेगळं ठेवण्याचं काम राउटर करत होता, तेही थेट त्याच्या वायफायला जोडलेल्यांपुरतं. आतला ॲक्सेस पॉइंट पाहुण्यांचा मजकूर कुठलीही खूण न लावता साध्या वायरीत सोडत होता, आणि वायरीच्या या टोकाला पोचल्यावर पाहुणा कोण आणि घरचा कोण हे राउटरला कळायला काही मार्गच नव्हता. नाव दोन्हीकडे तेच, पासवर्ड तोच. फरक फक्त चाचणीतच दिसला असता. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर टाकून काम भागवणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी घ्यावी, असं कळकळीने सांगावंसं वाटतं.

उपाय व्हीलॅनचा. एकाच वायरीतून जाणाऱ्या पाहुण्यांच्या आणि दुकानाच्या मजकुराला वेगवेगळ्या क्रमांकाची खूण लावायची, आणि ती खूण ओळखणारा स्विच आणि राउटर मधे ठेवायचा. इंटरनेट कंपनीच्या डब्याला ते जमत नव्हतं. म्हणून तो फक्त मोडेम म्हणून ठेवला आणि पुढे वेगळा राउटर लावला. बिलिंगचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर वायरीवर घेतले, कार्ड मशीनला दुकानाचं वेगळं वायफाय दिलं. त्याचं नाव लपवायचं का, असा प्रश्न निघाला. लपवलं नाही. नाव लपवल्याने सुरक्षितता वाढत नाही, जोडायला मात्र कटकट वाढते. पाहुण्यांची उपकरणं एकमेकांनाही दिसणार नाहीत, अशी व्यवस्था केली. बिलिंगवरच्या त्या फोल्डरचं शेअरिंगही बंद केलं. नेटवर्क वेगळं झालं म्हणून घरातली कपाटं उघडी टाकायची नसतात.

पाहुण्यांचा पत्त्यांचा साठा ५१० केला आणि मुदत २४ तासांवरून २ तासांवर आणली. खरं तर मुदत कमी करूनच काम भागलं असतं.

रांगेचा बंदोबस्त हा माझ्या आवडीचा भाग. नव्या राउटरमध्ये रांग शहाणपणाने हाताळण्याची सोय होती. त्याला प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के आकडा दिला, म्हणजे रांग कंपनीच्या डब्यात न साठता या राउटरकडेच लागते आणि तो प्रत्येकाला आळीपाळीने पुढे सोडतो. दुकानाच्या नेटवर्कला आधी वाट. वर पाहुण्यांच्या प्रत्येक उपकरणाला मर्यादा: ५ एमबीपीएस खाली, १ वर.

चॅनल ‘ऑटो’वर न ठेवता हाताने ठरवले. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच एकमेकांवर न चढणारे तीन चॅनल. ६ वर शेजाऱ्यांची गर्दी होती. बाहेरच्या खोलीला १ दिला, कारण मायक्रोवेव्हच्या गोंधळापासून तो त्यातल्या त्यात लांब. आतल्या खोलीला ११. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवली. प्रक्षेपणाची ताकद दोन्हीकडे मुद्दाम कमी केली. ताकद जास्त असली की आत गेलेला फोनही बाहेरच्या ॲक्सेस पॉइंटला चिकटून राहतो.

बाकीची साफसफाई थोडक्यात: राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय) बंद केलं, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) ताजं केलं, राउटरचं पान पाहुण्यांना दिसणार नाही असं केलं, आणि कॅफे बंद झाल्यावर पाहुणे-नेटवर्कही बंद होईल अशी वेळ लावली.

टेबलावरच्या कार्डाकडे मात्र लक्ष द्यावं लागलं. जुन्या पासवर्डात इंग्रजी मोठा आय आणि छोटा एल शेजारी शेजारी होते, आणि काउंटरवरची मुलं दिवसभर त्याचाच उलगडा करत बसायची. नवा पासवर्ड तीन साध्या शब्दांचा, सगळी अक्षरं छोटी. क्यूआर कोडमध्ये नेटवर्कचं नाव, प्रकार आणि पासवर्ड एवढंच असतं, त्यामुळे तो वाचायला आधी इंटरनेट लागत नाही. खाली पासवर्ड मोठ्या अक्षरांतही छापला, लॅपटॉपवाल्यांसाठी. आणि एक ओळ: हे सार्वजनिक नेटवर्क आहे, बँकेच्या कामासाठी शक्यतो मोबाइल डेटा वापरा.

परिणाम

पत्त्यात अडकण्याची तक्रार वहीतून नाहीशी झाली. गर्दीतलं पिंग ३०-४० मिलिसेकंदांच्या आसपास राहू लागलं आणि कार्ड मशीन थबकायचं थांबलं. आतल्या कोपऱ्यात व्हिडिओ कॉल चालू लागले. प्लॅन १०० एमबीपीएसचाच राहिला.

दोन गोष्टी नव्याने पुढे आल्या. व्हिडिओ कॉलवर आपला चेहरा पुसट दिसतो अशी तक्रार आली. १ एमबीपीएस अपलोड त्याला अपुरं होतं. आळीपाळीची व्यवस्था नीट चालत होती, म्हणून ते ३ केलं आणि रांग वाढली नाही. दुसरं, एक जुना लॅपटॉप मिश्र डब्ल्यूपीएला जोडलाच जाईना. त्याच्यासाठी सगळं नेटवर्क जुन्या पद्धतीवर आणायचं का? नाही आणलं. असे लोक वारंवार यायला लागले तर फेरविचार करायचा, असं ठरलं.

तासाभराने नेट तोडायचं का, हाही प्रश्न मालकीणबाईंनी काढला होता. लोक बसून राहतात, खुर्ची अडते. मी विरोध केला. खुर्चीचा प्रश्न माणसाने माणसाशी बोलून सोडवावा. राउटरने कॉल मधेच तोडला तर गिऱ्हाइकाला अपमान वाटतो, आणि का तोडला हे सांगायला राउटर येत नाही. त्यांनी ते मानलं.

पुन्हा करायचं झालं तर

कायद्याची विचारणा अगदी आधी हवी. इथे ती पर्यायांच्या चर्चेत मधेच झाली आणि उत्तर सोयीचं निघालं. नोंदी ठेवण्याची सक्ती असती तर राउटरची निवडच वेगळी झाली असती.

केबल ओढायचं काम रंगकाम आणि फर्निचर होण्याआधी व्हावं. इथे छताच्या कडेने पट्टी मारावी लागली, ती आजही डोळ्यांत खुपते. नव्याने कॅफे लावणाऱ्याने प्रत्येक खोलीच्या छतापर्यंत एक केबल आधीच टाकून ठेवावी, वापर नंतर ठरवता येतो.

सेटिंगची नोंद कागदावर, बंद पाकिटात, गल्ल्याच्या कपाटात ठेवली आहे: कुठलं उपकरण कुठे, ॲडमिन पासवर्ड काय, कुठल्या वायरीला कुठली खूण. हे पाकीट पहिल्या जुळणीच्या दिवशीच तयार व्हायला हवं. लावणारा माणूस उद्या मिळाला नाही तरी दुसऱ्याला काम पुढे नेता आलं पाहिजे.

दुसऱ्या कनेक्शनचा प्रश्न मिटलेला नाही. सगळं नीट चालत असताना एकदा कंपनीची लाइनच गेली, आणि पाहुण्यांबरोबर कार्ड मशीनही बंद पडलं. तेव्हा मशीनमध्ये सिमकार्ड घालून वेळ निभावली. ते सिम आता कायम आत ठेवलं आहे. ते पुरतं की बिलिंगसाठी वेगळी लाइन घ्यावी, हे वहीतल्या पुढच्या काही महिन्यांच्या नोंदी बघून ठरणार आहे.